चढ टेकडीचा, कस शरीराचा

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गाढवी नदी अडवून इटियाडोहाचे धरण बांधलेले आहे. या परिसरात गोठणगाव आहे, १९७२ साली वसलेली तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत आहे आणि जवळच प्रतापगडाची टेकडी आहे. टेकडीवर जुन्या गडाच्या खुणा आहेत, महादेवाचे स्थान आहे आणि दर्गाही आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. त्याच सुमारास, साधारण पंधरा दिवस आधी, माघ पौर्णिमेला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला सालेकसा तालुक्यात कचारगडची जत्रा असते. गोंड बांधव दूरदूरच्या प्रांतांतून तेथील गुहांपर्यंत चढून जातात. म्हणजे एका पंधरवड्याच्या अंतराने आमच्या जिल्ह्यातील हजारो माणसे वर्षातून एकदाच डोंगर चढतात, आणि त्यांतील बहुतेकांनी वर्षाचे उरलेले दिवस सपाटीवर काढलेले असतात.

या भागातील सर्वांत उंच डोंगर नवेगावचा. त्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंच आहे. परंतु नवेगावचे जंगल १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान असून २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट आहे, त्यामुळे तेथे वाटेल तसे पायी भटकता येत नाही. म्हणून कुटुंबासह टेकडी चढायची म्हटले की इटियाडोहाच्या आसपासच्या माणसांच्या डोळ्यांपुढे प्रतापगडच येतो.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दवाखान्यात येणाऱ्या तक्रारी जवळजवळ ठरलेल्या असतात. मांड्या आखडलेल्या, गुडघा सुजलेला, डोके दुखणारे, लघवी कमी होणारी. या तक्रारी चार दिवसांत मिटतात. मात्र त्यांच्यासोबत दरवर्षी एखादी व्यक्ती अशी येते, की जिला टेकडीने तिच्या शरीरातील वेगळीच गोष्ट दाखवून दिलेली असते: वर्षानुवर्षे अंगात मुरलेला रक्तक्षय, अरुंद होत चाललेली हृदयाची धमनी, कधी न तपासलेला सिकलसेल. टेकडी आजार देत नाही. दडलेला आजार दाखवते. तिचा हा गुण ओळखला, तर तीच टेकडी कुटुंबाच्या आरोग्याची उत्तम सोबतीण होऊ शकते.

उंचीचे भय अनाठायी

‘डॉक्टर, वर हवा विरळ असते ना?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. सातशे मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे ९२ टक्के असतो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. तेथेही तो सुमारे ८२ टक्के भरतो. उंचीमुळे होणारा आजार साधारणपणे अडीच हजार मीटरच्या पुढे संभवतो. त्यामुळे महाराष्ट्रातील कोणत्याही डोंगरावर निरोगी माणसाला केवळ विरळ हवेमुळे त्रास होण्याचे कारण नाही.

या बाबतीत नोर्ग्येलिंगमधील आपले शेजारी मोठे बोलके उदाहरण आहेत. ल्हासा शहर सुमारे ३६५० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेत प्राणवायूचा पुरवठा समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश. सपाटीवरचा माणूस तेथे काही आठवडे राहिला तर त्याचे रक्त दाट होऊ लागते. पिढ्यान्पिढ्या पठारावर राहिलेल्या तिबेटी लोकांचे रक्त मात्र तितके दाट होत नाही. याचा संबंध एका विशिष्ट जनुकातील बदलाशी आहे, असे २०१० साली संशोधकांनी दाखवून दिले. निसर्गाने एवढी तयारी करून दिलेली माणसे आपल्या शेजारी राहतात, पण आपल्या टेकडीसाठी त्या तयारीची गरजच नाही. आपल्याला हवी ती तयारी वेगळी आहे: ऊन, पाणी, हृदय, रक्त आणि गुडघे यांची.

चढताना शरीरात काय घडते

दोनशे मीटरचा चढ म्हणजे किती, याचा अंदाज सपाट प्रदेशातील माणसाला चटकन येत नाही. इमारतीचा एक मजला तीन मीटरचा धरला, तर दोनशे मीटर म्हणजे पासष्टहून अधिक मजले. जो गृहस्थ तालुक्याच्या कचेरीचा दुसरा मजला चढताना कठड्याचा आधार घेतो, तोच महाशिवरात्रीला हा पल्ला एका दमात गाठू पाहतो.

सपाट रस्त्यावर आरामात चालताना शरीर स्वस्थ बसलेल्या अवस्थेच्या सुमारे तिप्पट ऊर्जा वापरते. चांगला चढ लागला की हे प्रमाण सहापट-सातपटीपर्यंत जाते. मांडीच्या आणि नितंबाच्या मोठ्या स्नायूंना प्राणवायू हवा असतो. तो पोहोचविण्यासाठी हृदय जोराने व जलद धडधडते, श्वास वाढतो आणि रक्तदाबही वाढतो. स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी फार तर पाव हिस्सा शरीर वर उचलण्यात खर्च होतो. उरलेली सारी उष्णता होते. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी घाम येतो, त्वचेकडे अधिक रक्त वळवावे लागते आणि हृदयावरचा भार आणखी वाढतो. म्हणूनच सकाळी सात वाजता सोपा वाटणारा चढ दुपारी बाराच्या उन्हात छाती भरून आणतो. चढ तोच असतो, पण हृदयाला दोन कामे एकदम करावी लागतात.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. साठ किलो वजनाच्या व्यक्तीला दोनशे मीटर चढण्यासाठी साधारण सव्वाशे किलोकॅलरी लागतात, म्हणजे एका मोठ्या पोळीइतक्या. तेव्हा एका दिवसाच्या चढाईने वजन उतरेल, ही आशा सोडून द्यावी. चढाचा लाभ वेगळा आहे. ऑस्ट्रियातील फोरार्लबर्ग प्रांतात एक छोटा, परंतु कल्पक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००४ साली मांडले गेले. बैठे काम करणाऱ्या निरोगी स्वयंसेवकांनी दोन महिने डोंगर पायी चढायचा आणि दोरगाडीने उतरायचे. पुढचे दोन महिने दोरगाडीने वर जायचे आणि पायी उतरायचे. चढण्याने रक्तातील ट्रायग्लिसराइड या चरबीचा निचरा सुधारला, तर उतरण्याने साखर पचविण्याची क्षमता अधिक सुधारली. छोट्या अभ्यासावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत हे खरे. तरीही चढ आणि उतार हे दोन वेगळे व्यायाम आहेत, एवढे त्यावरून ध्यानात येते. पण दोन्ही महिनोन्‌महिने, नियमित केले तरच उपयोगाचे.

धाप नेहमीची आणि धोक्याची

चढताना धाप लागणे स्वाभाविक आहे. ती योग्य मर्यादेत आहे की नाही, हे ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर वेग ठीक आहे. वाक्य तुटू लागले, दोन-दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागला, तर वेग कमी करावा. नाडी मोजून अंदाज घेण्याची सवय असलेल्यांनी एक लक्षात ठेवावे: रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल किंवा अटेनोलोल यांसारखी औषधे चालू असल्यास नाडी फारशी वाढतच नाही, तेव्हा बोलण्याची कसोटीच विश्वासार्ह.

थांबल्यावर पाच मिनिटांत धाप ओसरू लागली पाहिजे. ती ओसरत नसेल, छातीच्या मध्यभागी दडपण किंवा आवळल्यासारखे वाटत असेल, ते जबड्याकडे, खांद्याकडे वा हाताकडे सरकत असेल, थंड घाम सुटत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर चढणे तेथेच संपले असे समजावे. मधुमेही व्यक्ती आणि स्त्रिया यांच्यात छातीत दुखण्याऐवजी केवळ मळमळ, विलक्षण थकवा किंवा पोटाच्या वरच्या भागात जळजळ एवढेच लक्षण असू शकते. ‘उपवासाचे पित्त झाले’ म्हणून अशा माणसाला लिंबूपाणी देऊन पुढे चालवू नये. त्याला सावलीत बसवावे, चालू देऊ नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. चढताना छाती भरून येते आणि बसल्यावर बरे वाटते, असे पूर्वी एकदा जरी झाले असेल, तरी टेकडीवर जाण्याआधी ईसीजी आणि आवश्यक तपासण्या करून घ्याव्यात. बसल्यावर बरे वाटते, म्हणून दुर्लक्ष करण्याची ही गोष्ट नाही. हृदयाला रक्त कमी पडत असल्याची ती नेमकी खूण असते.

दुसरे कारण अधिक सर्वत्र आढळणारे आणि अधिक दुर्लक्षित. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. धानाच्या बांधीत दिवसभर वाकून रोवणी करणारी स्त्री कष्टाला कमी नसते. परंतु रक्तक्षय हळूहळू वाढतो आणि शरीर त्याच्याशी जुळवून घेत जाते. काम थोडे संथ होते, संध्याकाळी पाय भरून येतात, आणि ‘वयच झाले’ असे म्हणून ती गप्प बसते. टेकडीच्या चढावर मात्र ही तडजोड चालत नाही. सोबतच्या सासूबाई पुढे निघून जातात आणि पस्तिशीची सून दर वीस पावलांवर थांबते, तेव्हा त्यात आळस शोधू नये, हिमोग्लोबिन तपासावे. लोहाच्या गोळ्या स्वस्त आहेत. सरकारी आरोग्य केंद्रांत त्या मोफत मिळतात. तीन-चार महिने नेमाने घेतल्या तर पुढच्या वर्षी तीच स्त्री तीच टेकडी निम्म्या थांब्यांत चढते.

उपवास, औषधे आणि चढ

महाशिवरात्रीची चढाई बहुधा उपवासाच्या पोटी होते. उपवास करावा की नाही, हा श्रद्धेचा विषय आहे. उपवासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यावी, हा वैद्यकाचा. दोहोंची गल्लत होते तेव्हा अनर्थ होतो.

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी नेहमीचे प्रमाण घेतले, पोटात काही नसले आणि वर चढ चढला, तर रक्तातील साखर झपाट्याने उतरते. हात थरथरणे, घाम, भुकेचा डोंब, मग असंबद्ध बोलणे आणि शेवटी शुद्ध हरपणे असा हा क्रम आहे. उन्हाने चक्कर आली, असेच सोबत्यांना वाटते. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नये. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या अलीकडे पुष्कळ दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचा धोका निराळा आहे. त्या लघवीवाटे साखर व पाणी बाहेर काढतात. कडक उपवास आणि घाम यांच्या जोडीने त्या घेतल्यास शरीर कोरडे पडते आणि क्वचित रक्तात आम्ल साठू लागते. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी घेणाऱ्यांनाही उन्हात कोरडेपणाचा धोका असतो.

यावर उपाय म्हणून कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. यात्रेच्या आठ-दहा दिवस आधी आपल्या डॉक्टरांकडे जावे आणि ‘त्या दिवशी मी उपवास करणार आहे आणि टेकडी चढणार आहे’, या दोन्ही गोष्टी सांगाव्यात. बहुतेक रुग्ण पहिली सांगतात आणि दुसरी विसरतात. मधुमेही आणि गर्भवती यांनी निर्जळ उपवास करून चढू नये. उपवासाला चालणारे पदार्थ आपल्याकडे मुबलक आहेत. आमच्या तलावांत पिकणारा शिंगाडा, उकडलेले रताळे, केळे, ताक, गूळ-शेंगदाणे यांनी व्रतही राहते आणि शक्तीही राहते. नुसत्या तेलकट साबुदाणा खिचडीवर चढाई करण्यापेक्षा हे कितीतरी हितावह.

सिकलसेल : विदर्भातील प्रत्येक घराने विचारावा असा प्रश्न

पूर्व विदर्भात टेकडी चढण्याविषयी लिहायचे आणि सिकलसेलचा उल्लेख टाळायचा, हे शक्य नाही. हा आजार आनुवंशिक आहे. आई व वडील दोघांकडून सदोष जनुक आले तर मूल रुग्ण होते; एकाकडूनच आले तर ते केवळ वाहक राहते. रुग्णाच्या लाल पेशी प्राणवायू कमी पडला, पाणी कमी पडले किंवा शरीरावर ताण आला की विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना उत्पन्न करतात. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाने चढाईचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. गेले असता सावकाश, सावलीच्या वेळी, सतत पाणी पीत जावे, आणि ताप किंवा अंगदुखी असताना मुळीच जाऊ नये.

वाहकांचा प्रश्न नाजूक आहे. वाहक व्यक्ती सामान्यतः पूर्ण निरोगी असते, शेती करते, खेळते, दीर्घायुषी होते. तिला टेकडी वर्ज्य नाही. परंतु तापलेल्या उन्हात, पाण्याविना, पैज लावून धावत चढल्यास वाहकांत क्वचित स्नायू मोठ्या प्रमाणावर विरघळण्याचा आणि मूत्रपिंडावर आघात होण्याचा गंभीर प्रकार घडू शकतो. ‘कोण आधी वर पोहोचतो’ ही कॉलेजातील मुलांची शर्यत म्हणूनच मला धास्तीची वाटते. आपण वाहक आहोत की नाही, हेच त्यांतील अनेकांना ठाऊक नसते.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या राहू नये, असे त्याचे उद्दिष्ट आहे. प्राथमिक चाचणी साधी आहे. ती सदोष आली तर रुग्ण की वाहक हे दुसऱ्या तपासणीने ठरते. विवाहापूर्वी तर ती करावीच, कारण दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. टेकडीच्या निमित्ताने ही तपासणी घरात झाली, तरी मोठे काम झाले.

उतार सोपा नसतो

चढून गेलेल्या माणसाला आपली परीक्षा संपली असे वाटते. गुडघ्यांची तेव्हा सुरू होते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार पेलत असतो, जणू दोर सोडत सोडत विहिरीत भरलेली घागर उतरविणे. या कामात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. दुखणे त्याच दिवशी नसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. शिवाय प्रत्येक पावलागणिक गुडघ्याच्या वाटीवर शरीराच्या वजनाच्या काही पट दाब पडतो. चढताना छाती दमते, उतरताना पाय थकलेले असतात, आणि पाय मुरगळण्याचे व घसरण्याचे प्रकार बहुधा परतीच्या वाटेवरच घडतात.

उपाय साधे आहेत. पावले लहान टाकावीत, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा, उतारावर धावू नये, तीव्र उतार तिरपा कापावा. काठी वापरण्यात संकोच बाळगू नये. दोन काठ्या असतील तर उत्तम. गुराख्याच्या हातातील काठी शोभेची नसते. संधिवात असलेल्यांनी वर किती जायचे हे उताराकडे पाहून ठरवावे. अर्ध्या वाटेवरून परतल्याने दर्शन अर्धे होत नाही.

सहा आठवड्यांची तयारी

आमच्या भागात सरावाला टेकडी नसली, तरी घराचा ओटा असतो आणि तलावाची पाळ असते. तेवढे पुरे.

पहिले दोन आठवडे : आठवड्यातून पाच दिवस सपाट रस्त्यावर अर्धा तास, बोलता येईल इतक्या वेगाने चालावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचविलेली आठवड्याची किमान दीडशे मिनिटे येथेच पूर्ण होतात.

तिसरा व चौथा आठवडा : चालण्यात तलावाच्या पाळीवर चढणे-उतरणे मिसळावे. आठवड्यातून तीन दिवस ओट्याच्या पायरीवर चढ-उतार करावी. पायरी वीस सेंटीमीटर उंच असेल, तर दोनशे वेळा चढल्यावर चाळीस मीटरचा चढ होतो. प्रारंभी पन्नास-पन्नासचे टप्पे करावेत. खुर्चीवर बसून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठावे.

पाचवा व सहावा आठवडा : पायऱ्यांची संख्या हळूहळू पाचशेपर्यंत न्यावी, म्हणजे शंभर मीटरचा चढ झाला. पाठीवर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी घ्यावी. पायरीवरून खाली येताना पाऊल मुद्दाम संथ टेकवावे. उताराचा थोडासा सरावही स्नायूंना काही आठवडे सांभाळतो आणि नंतरचे दुखणे पुष्कळ कमी होते. शेवटचे दोन दिवस विश्रांती.

या सरावात छातीत दडपण आले, एकाच पायाच्या पोटरीला सूज आली किंवा तीन आठवड्यांनंतरही धाप तसूभर कमी झाली नाही, तर आधी तपासणी, मग टेकडी.

वाटेवर

माघ-फाल्गुनात आमच्याकडे सकाळ गार असते आणि दुपार भाजते. तेव्हा उजाडल्यावर निघून ऊन चढण्यापूर्वी खाली यावे. भल्या पहाटे अंधारात निघू नये. हा अस्वलांचा मुलूख आहे. पुढे मोहफुले गळू लागली की अस्वले मोहाच्या झाडाखाली हमखास येतात. एकट्याने न जाता बोलत-चालत गटाने जावे, रुळलेली वाट सोडू नये.

पाणी दर माणशी निदान दोन लिटर असावे. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-सहा घोट घ्यावेत. एकदम लिटरभर ढोसणेही बरे नव्हे. घाम फार आला तर नुसते पाणी पुरत नाही. ओआरएसची पुडी पूर्ण लिटरभर पाण्यातच मिसळावी. ती नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. ताक किंवा तांदळाची पातळ, मिठाची पेजही उत्तम. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून घ्यावे लागते, त्यांनी आपले प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

पायांत नवी चप्पल किंवा नवा बूट नको. महिनाभर वापरलेला, तळाला खाचा असलेला बूट हवा. आग्या मोहोळ दिसल्यास त्याच्या खाली धूर, अगरबत्ती, दगड, आरडाओरडा यांपैकी काहीही नको. माश्या उठल्याच तर डोके-तोंड झाकून शक्य तितके दूर पळावे. चावल्यानंतर अंगभर गांधी उठणे, आवाज घोगरा होणे, दम कोंडणे ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे होत. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे हे सारे हानिकारक आहे. तो हात वा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवावा, माणसाला चालवू नये आणि प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी रुग्णालयात विनाविलंब न्यावे. मांत्रिकाकडे घालविलेला अर्धा तास पुढे परत मिळत नाही. जंगलपट्टीत मोबाइलला सर्वत्र संपर्क मिळेलच असे नाही. म्हणून कोठे चाललो आणि केव्हा परतणार, हे घरी सांगून निघावे.

परतल्यावर

मांड्या दुखत असतील तर कोमट पाण्याने शेक, हलके चालणे आणि झोप पुरेशी असते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या कोरड्या पडलेल्या शरीरात मूत्रपिंडाला इजा करू शकतात. आधी पाणी, लघवी नेहमीसारखी फिकट होऊ द्यावी, आणि गोळी लागलीच तर डॉक्टरांना विचारून. लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली, तर मात्र एक रात्रही थांबू नये. गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत हिवताप आहे. डासाच्या चाव्यानंतर तो प्रकट व्हायला एक ते दोन आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. परतल्यानंतर महिनाभरात थंडी वाजून ताप आल्यास रक्ततपासणी करावी आणि जंगलात गेलो होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

शेवटी एक छोटीशी सवय सुचवितो. टेकडीवरून आल्यावर घरातील दिनदर्शिकेवर प्रत्येकाच्या नावापुढे दोन आकडे लिहून ठेवावेत: वर जायला किती वेळ लागला आणि वाटेत किती वेळा थांबावे लागले. पुढच्या वर्षी त्याच टेकडीवर, त्याच वेळी पुन्हा लिहावेत. टेकडीची उंची बदलत नाही. तेव्हा आकडे बदलले तर बदल आपल्यातच झाला, असे समजावे. थांबे कमी झाले तर वर्ष सार्थकी लागले. गेल्या वर्षी तीन वेळा थांबलेल्या आईला यंदा आठ वेळा थांबावे लागले, तर ‘वय झाले’ असे म्हणून दिनदर्शिकेचे पान उलटू नये. ते दोन आकडे घेऊन तिला दवाखान्यात आणावे. तिने तोंडाने कधीच सांगितली नसती अशी तक्रार त्या आकड्यांत असू शकते, आणि ती वेळेत कळली तर बहुतेक वेळा तिच्यावर उपाय असतो.